आमची वाटचाल : चाळीस मीटर वायर

गोव्यात फोंड्यातल्या आमच्या दुकानावर अजून जुनीच पाटी आहे, 'टीव्ही, टेप, इन्व्हर्टर दुरुस्ती'. पाटी बदलली की धंदा मोठा होतो असं आमच्या भागीदाराचं मत होतं. तो आता दुसऱ्याच्या पाटीखाली बसतो. त्याचं पुढे येईलच.

घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी सेन्सर लावायच्या आमच्या कामाची सुरुवात झाली २०१५ मध्ये, सावईवेऱ्याच्या माईंकडून. माई तेव्हा ७६ च्या, मुलगा दुबईला. मी इन्व्हर्टर बघायला गेलो होतो. निघताना म्हणाल्या, "रात्री न्हाणीत पडले तर माझी हाक शेजारी पोचेल का रे?" चिऱ्याच्या जाड भिंती, मध्ये राजांगणाचा चौक, शेजार कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, पलीकडे. कशी पोचणार? मी मागच्या दाराला चुंबकाचा स्विच लावला आणि दोन खोल्यांत हालचालीचे सेन्सर. सकाळी साडेसातपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल नसली की मुलाच्या मोबाइलवर मेसेज. पहिल्याच आठवड्यात रोज पहाटे तीनला घरात 'कोणीतरी' फिरायला लागलं. ती पाल होती. भिंगावर पाल बसली की सेन्सरला हत्ती दिसतो. तेव्हापासून ट्यूबलाइटजवळ सेन्सर लावत नाही. उजेडाला किडे, किड्यांमागे पाल.

मग घरं वाढत गेली. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

२०१९ मध्ये भागीदाराने बाहेरच्या एका कंपनीचे, घरातले दिवे-सेन्सर नेटवरून चालवणारे डबे आणले. पांढरेशुभ्र, देखणे. मी हाताने सोल्डर केलेले बोर्ड त्यापुढे गावठी दिसायचे, हे कबूल. मी एकच विचारलं, नेट गेलं तर? "हल्ली नेट जातं कुठे?" म्हणाला. गोव्यात, तेही ऐन जूनमध्ये, असं बोलणाऱ्या माणसाशी मी भागीदारी केली होती. चूक माझीच.

त्या डब्यांत स्वतःची अक्कल काहीच नव्हती, सगळी कंपनीच्या सर्व्हरवर. घरातला दिवा लावायचा तरी निरोप आधी तिकडे जाऊन परत यायचा. २०२० च्या डिसेंबरात कंपनीने तो सर्व्हरच बंद केला. महिनाभर आधी ईमेल आली होती म्हणे, भागीदाराच्या फोनवर. ३१ घरांतले डबे एका रात्रीत काडेपेट्या झाले. मस्कत, लंडन, पुणे, सगळीकडून फोन. "आई घरात एकटी आहे, तुमच्या भरवशावर ठेवली होती," हे वाक्य मी त्या आठवड्यात किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. पैसे परत केले. बायकोच्या पाटल्या गेल्या. दुकानात उरलं काय, तर मल्टिमीटर, हॅमर ड्रिल आणि तीस वर्षांचं सोल्डरिंग गन.

भागीदार महिन्याभरात एका मोठ्या कॅमेरेवाल्याकडे गेला, जाताना ग्राहकांची वही घेऊन. त्या वहीचं मला अजून लागतं. त्यात नुसते नंबर नव्हते. कुणाला डाव्या कानाने ऐकू येत नाही, कुणाचा कुत्रा चावतो, कुणाची जादा चावी कुठल्या शेजाऱ्याकडे, सगळं माझ्या अक्षरात.

तेव्हा माईंनीच बोलावलं. "मला डबा नको, घंटा दे." घंटाच दिली. न्हाणीत नायलॉनची दोरी, टोक जमिनीपासून चार बोटं वर. भिंतीवरच्या बटणापर्यंत पडलेल्या माणसाचा हात जात नाही, हे शोरूमवाल्यांना सुचत नाही. तिथून चाळीस मीटर वायर काळ्या पाइपातून पोफळींच्या कडेने शेजारच्या पडवीत, १२ व्होल्टची बॅटरी आणि एक कर्कश हूटर. पुढे कॅमेरेवाले वही धरून माईंकडे पोचले, फुकट कॅमेरा लावून दिला आणि वायर बघून हसले.

१६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आलं. झाडं पडली, वीज गेली, रेंज गेली. कॅमेरा आंधळा. खोटं कशाला सांगू, माझ्या सेन्सरचा मेसेजही दुबईला गेला नाही. दुसऱ्या रात्री माई ओल्या लादीवर घसरल्या आणि दोरी ओढली. शेजारी टॉर्च घेऊन धावला. मनगट मोडलं, खुबा शाबूत. मी तिसऱ्या दिवशी पोचलो तर प्लास्टरातला हात वर करून म्हणाल्या, "हांव जिवी आसां, तूं न्हिद." मी जिवंत आहे, तू झोप.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. आईवडिलांच्या झोपायच्या खोलीत कॅमेरा लावू नका, म्हातारपणीही माणसाला लाज असते. गॅसचा सेन्सर छताला लावून गेलेले बहाद्दर मी पाहिलेत. एलपीजी हवेपेक्षा जड, खालीच साचतो, सेन्सर जमिनीपासून वीतभर वर हवा. आणि सेन्सरचे सेल बदलायचे ते चवथीला, म्हणजे गणपतीत. मुलं घरी असतात, गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायला शिडी निघतेच.

गेल्या पावसाळ्यात भागीदाराचा फोन आला. त्याच्या आईसाठी दोरी हवी होती. म्हटलं, आधी वही आण. दोरी लावून दिली, म्हातारीचा काय दोष. वही अजून आलेली नाही.