ब्लायनाव्हन: आधी लोखंड, मग कोळसा

दक्षिण वेल्समध्ये राहायला आलेल्या मराठी कुटुंबांना पाहुणे आले की कार्डिफचा किल्ला आणि समुद्रकिनारा यात दोन दिवस सहज जातात. तिसऱ्या दिवशी कुठे न्यायचं हा प्रश्न पडला, तर ब्लायनाव्हन. गाव जेमतेम सहा हजार वस्तीचं. एकच मोठा रस्ता, तोही चढाचा. नावाचा वेल्श अर्थ 'नदीचा उगम'. स्पेलिंगमध्ये 'एफ' दिसला तरी वेल्शमध्ये त्याचा उच्चार 'व्ह' होतो, त्यामुळे 'ब्लेनाफॉन' म्हणून बसवाल्याला विचारलंत तर तो क्षणभर गोंधळेल.

कोळशाचं गाव म्हणून याची ख्याती असली तरी ते वसलं लोखंडासाठी. इथल्या डोंगरउतारावर लोहदगड, कोळसा, भट्टीच्या विटांना लागणारी माती आणि पाणी हे सगळं हाताशी होतं, आणि चुनखडी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. थॉमस हिल, थॉमस हॉपकिन्स आणि बेंजामिन प्रॅट या तिघांनी अ‍ॅबरगॅव्हेनीच्या लॉर्डकडून ही जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि 1789 पर्यंत तीन भट्ट्या पेटवल्या. भट्टीत हवा फुंकायला त्यांनी वाफेचं इंजिन लावलं. त्या काळी बहुतेक भट्ट्या पाणचक्कीवर चालत, म्हणजे ओढा आटला की भट्टी मंदावली. इथे ती अडचण नव्हती. 1812 पर्यंत भट्ट्या पाच झाल्या.

लोहदगड काढायची सुरुवातीची पद्धत आजही डोंगरावर ओळखता येते. उताराच्या वरच्या अंगाला बांध घालून तळं साठवायचं आणि ते भरलं की बांध फोडायचा. पाण्याचा लोंढा गवत-माती खरवडत खाली जातो आणि खालचा दगड उघडा पडतो. मग टिकाव घेऊन माणसं उतरायची. गावाच्या वरच्या माळावर ज्या वेड्यावाकड्या घळी दिसतात, त्यातल्या बऱ्याचशा नैसर्गिक नाहीत, अशा धुवून काढलेल्या आहेत.

लोखंड कारखान्याच्या आवारात एक उंच दगडी मनोरा आहे. लोक त्याचा फोटो काढतात आणि पुढे जातात, पण तो चालायचा कसा हे समजून घेण्यासारखं आहे. 1839 चा हा पाण्याच्या वजनावर चालणारा लिफ्ट. दोन पाळणे एका साखळीला, वर चाक. प्रत्येक पाळण्याखाली पाण्याची टाकी. वरच्या पाळण्याच्या टाकीत पाणी सोडलं की तो जड होऊन खाली येतो आणि लोखंडाने भरलेली गाडी घेऊन दुसरा पाळणा वर जातो. खाली पोचलेल्या टाकीची झडप उघडून पाणी सोडून दिलं की पुढची खेप. इंधन शून्य. मात्र वरच्या पातळीवर पाणी सतत हवं, आणि कडाक्याच्या थंडीत ते गोठलं की सगळंच ठप्प. वर पोचलेलं लोखंड घोड्यांच्या रुळावरून डोंगराच्या पोटातल्या प्वल डी बोगद्यातून पलीकडे जायचं. बोगदा दोन किलोमीटरहून लांब. तिथून उतरून लॅनफॉइस्टच्या धक्क्यावर, मग कालव्यातून नावेने न्यूपोर्टकडे.

या कारखान्याच्या आयुष्यात एक विचित्र वळण आहे आणि गावात फिरताना ते माहीत असलेलं बरं. 1870 च्या दशकात पोलाद करायचं तर फॉस्फरस नसलेलाच लोहदगड लागायचा, कारण फॉस्फरस राहिला तर पोलाद थंडीत ठिसूळ होऊन तडकतं. इथला रसायनज्ञ पर्सी गिलख्रिस्ट आणि लंडनच्या पोलीस कोर्टात कारकुनी करणारा त्याचा चुलतभाऊ सिडनी गिलख्रिस्ट थॉमस यांनी 1877-78 मध्ये ब्लायनाव्हनला प्रयोग करून उत्तर काढलं. तेव्हा भट्टीचं अस्तर वाळूच्या जातीच्या विटांचं असायचं, ते आम्लधर्मी, त्यामुळे फॉस्फरस धरून ठेवत नसे. त्याऐवजी चुन्याच्या जातीचं अस्तर द्यायचं आणि रसात चुना टाकायचा. फॉस्फरस चुन्याशी बांधला जाऊन मळीत, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या गाळात उतरतो. ती मळी दळून शेतात खत म्हणूनही खपली. पण याचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो जर्मनी आणि फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या लॉरेन प्रांताला, जिथे फॉस्फरसवाला लोहदगड मुबलक होता. शोध लावला ब्लायनाव्हनने आणि दुकान चाललं दुसऱ्याचं! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या भट्ट्या थंडावल्या. तोवर कोळसा हा भट्टीचा नोकर न राहता गावाचा मालक झाला होता.

तो कोळसा पाहायचा तर बिग पिटला, म्हणजे आता संग्रहालय झालेल्या जुन्या खाणीला जायचं. गावातून चालत वीस-पंचवीस मिनिटं, दरीच्या पलीकडच्या अंगाला, आणि वाऱ्याची तयारी ठेवून. नाव बिग, पण खाण काही खोल नाही. 1880 मध्ये खणून खोल केलेली विहीर, म्हणजे खाणीत उतरायचा उभा मार्ग, 90 मीटरच्या आत आहे. मोठी आहे ती तिच्या तोंडामुळे: लंबगोल, साधारण साडेपाच मीटर बाय चार मीटर, म्हणजे दोन गाड्या शेजारी शेजारी वर-खाली करता येतील एवढी. 1908 साली इथे 1,122 माणसं कामाला होती, 1923 मध्ये 1,399. एवढ्याशा गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी इथे किंवा शेजारच्या खाणीत असणार, हे उघड आहे.

खाली जायच्या फेरीला पन्नासेक मिनिटं लागतात. संग्रहालयात प्रवेश मोफत आहे. खालच्या फेरीच्या तिकिटाचं आणि वेळेचं मात्र निघण्यापूर्वी बघून घ्या. मुलाची उंची किमान एक मीटर हवी. कडेवरचं बाळ खाली नेता येत नाही, तेव्हा कोणी वर थांबायचं हे घरातूनच ठरवून निघा. मोबाइल, घड्याळ, कॅमेरा, गाडीची रिमोटवाली किल्ली, लायटर, काडेपेटी हे सगळं वर जमा करावं लागतं. हा नाटकीपणा नाही. खाण अजूनही कायद्याने खाणच आहे, आणि दगडातून मिथेन झिरपतो. हवेत तो 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असला तर एका ठिणगीने स्फोट होतो. त्याहून कमी असेल तर पेटत नाही, जास्त असेल तर प्राणवायूच पुरत नाही.

मग डोक्यावर हेल्मेट, त्यावर दिवा, कमरेच्या पट्ट्यात त्याची बॅटरी आणि एक पत्र्याचा डबा. सगळं मिळून पाच किलोच्या आसपास, पट्टा सैल राहिला तर चालताना डबा मांडीवर आपटत राहतो. तो डबा आगीनंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडसाठी. तोंडात धरून श्वास घेतला की आतलं रसायन विषारी वायूचं कार्बन डायऑक्साइड करतं आणि या प्रक्रियेत उष्णता निघते. म्हणून श्वास गरम लागायला लागला की लोक घाबरून तो तोंडातून काढायला जातात, आणि नेमकं तेच करायचं नसतं. गरम लागतोय म्हणजे डबा काम करतोय.

विहिरीतून खाली नेणाऱ्या पिंजऱ्याची, म्हणजे खाणीच्या लिफ्टची, घंटाही ऐकण्यासारखी. तीन ठोके म्हणजे माणसं बसणार आहेत, दोन म्हणजे खाली सोड, थांबलेल्या पिंजऱ्याला एक ठोका म्हणजे वर घे, आणि चालत्या पिंजऱ्याला तोच एक ठोका म्हणजे थांब.

खाली वाटाडे बरेचदा स्वतः खाणीत काम केलेले. ते एका लाकडी दरवाजाशी थांबवून सगळ्यांना दिवे बंद करायला सांगतात. डोळ्यासमोर हात धरला तरी दिसत नाही. अशा काळोखात पूर्वी लहान मुलं दिवसभर बसायची, दोरी ओढून गाडीपुरता दरवाजा उघडायला आणि लगेच लावायला. दरवाजा उघडा राहिला तर हवा जवळच्या वाटेने परत फिरते, पुढच्या भागाला पोचतच नाही आणि तिथे वायू साठतो. शेकडो माणसांचा जीव त्या पोराच्या जागं राहण्यावर. 1842 च्या कायद्याने बायका, मुली आणि दहा वर्षांखालच्या मुलांना भूमिगत कामाची बंदी झाली. दहाच्या वरच्यांना मोकळीकच होती.

वायू ओळखायला जाळीचा दिवा. वात अगदी बारीक केली की ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसते; टोपी जितकी उंच तितका मिथेन जास्त. मिथेन हलका म्हणून दिवा हळूहळू छताकडे न्यायचा, झटक्याने नाही. खाली जमिनीलगत ज्योत मंदावली तर तो दुसरा शत्रू, प्राणवायू नसलेली जड हवा. मिथेन दोन टक्क्यांवर गेला तर माणसं बाहेर काढायची, असा नियम.

तबेलेही खालीच आहेत, गव्हाणींवर घोड्यांच्या नावांच्या पाट्यांसकट. उन्हाळ्यात खाण दोन आठवडे बंद राही, तेवढ्यापुरते घोडे वर कुरणात येत. त्यांना पुन्हा पिंजऱ्यात घालताना काय होत असेल याची कल्पना करा.

माझ्या मते मात्र बिग पिटमध्ये सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो न्हाणीघराला. 1939 चं हे बांधकाम. त्याआधी माणसं काळ्या, ओल्या कपड्यांनीच घरी जायची आणि चुलीपुढच्या पत्र्याच्या टबात अंघोळ करायची. पाणी तापवणं, ओतणं, कपडे झटकणं हे घरच्या बाईच्या माथी, आणि घरात दोन-तीन पाळ्यांचे पुरुष असतील तर दिवसभर तेच. रोज पाठ धुतली तर ती कमकुवत होते असाही समज होता. न्हाणीघरात वाट एकाच दिशेची: मळक्या कपड्यांचं कपाट, मग शॉवर, मग स्वच्छ कपड्यांचं कपाट. कपाटांमधून गरम हवा खेळवलेली, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ओले कपडे चढवावे लागत नाहीत. दाराशी बूट घासायचे ब्रश, पाण्याच्या बाटल्या भरायचे नळ. तिथेच ठेवलेला जेवणाचा डबा बघा: पावाच्या कापाच्या आकाराचा, एका बाजूला गोल, घट्ट बसणारा. उंदीर आणि धूळ दोन्ही बाहेर राहावेत म्हणून.

1947 ला राष्ट्रीयीकरण झालं, 1970 पर्यंत माणसं 494 वर आली. उरला होता गारू नावाचा कोळशाचा थर, जास्तीत जास्त 76 सेंटिमीटर जाडीचा. जेवणाच्या टेबलाखाली आडवं होऊन आठ तास फावडं चालवायचं, असं समजा. 2 फेब्रुवारी 1980 ला खाण बंद झाली. 1983 ला पर्यटकांसाठी उघडली, 2001 मध्ये राष्ट्रीय संग्रहालयांत गेली. त्याआधीच, 2000 साली, युनेस्कोने गाव आणि भोवतीचा सुमारे 33 चौरस किलोमीटरचा डोंगर जागतिक वारशात घेतला होता.

परत गावात आलात की वर्कमेन्स हॉल चुकवू नका. 1895 ची ही दगडी इमारत कामगारांनी पगारातून आठवड्याला अर्धा पेनी कापू देऊन उभारली. वाचनालय, बिलियर्ड्स, सभागृह. मालकाच्या दुकानात मालकाच्याच टोकननी सामान घ्यायला लागलेल्या लोकांच्या नातवंडांनी बांधलेली वास्तू आहे, हे लक्षात घेऊन बघा.

शेवटी सेंट पीटर्स चर्च, 1804-05 चं. ते बंद असलं तर आतलं बिडाचं बाप्तिस्मापात्र आणि लोखंडी खांब दिसणार नाहीत. पण अंगणातल्या कबरींवर दगडाऐवजी ओतीव लोखंडाची झाकणं आहेत, ती केव्हाही पाहता येतात. पावसात गेलात, आणि इथे बहुधा पावसातच जाल, तर अक्षरांवरून फिरवलेलं बोट तांबूस होतं. रुमाल जवळ ठेवा.