विमानतळावरच झोपलो

माझी धाकटी बहीण कॅनडात व्हिक्टोरियाला राहते. व्हिक्टोरिया हे व्हँकुव्हर नावाच्या बेटावर आहे आणि व्हँकुव्हर शहर मात्र त्या बेटावर नाही, हे आईला समजावण्यात आमचे पहिले चार दिवस गेले. परतीच्या वेळी याच भूगोलाने आमची पंचाईत केली. दिल्लीचे विमान सकाळचे होते. बेटावरून पहिली बोट सातला सुटते, पाणी ओलांडायला तिला दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि उतरल्यावर पुन्हा रस्त्याचा प्रवास असतोच. आदल्या दिवशी येऊन मुक्काम करणे भागच होते.

मागच्या खेपेस, दुसऱ्याच एका शहरात, आम्ही विमानतळापासून ‘फक्त दहा मिनिटांवर’ असलेल्या स्वस्त हॉटेलात उतरलो होतो. पहाटे सोडायला येणारी त्यांची गाडी चाळीस मिनिटे उशिरा आली आणि तोवर गुडघ्यांनी बेजार झालेली आई फुटपाथवर बॅगेवर बसून राहिली. ते दृश्य मनातून जात नव्हते, म्हणून या वेळी मी कोणाला न विचारता फेअरमाँट व्हँकुव्हर एअरपोर्ट या हॉटेलात एका रात्रीची खोली घेतली. भाडे आईला सांगितले नाही, कारण तेवढ्या पैशांत इंदूरला आमच्या घरी दोन महिन्यांचा किराणा येतो. ‘स्टेशनवर रिटायरिंग रूम असते ना, तशी खोली आहे,’ एवढेच म्हणाले.

म्हणताना ती थाप वाटत होती, पण विचार केल्यावर ती तितकीशी खोटी वाटेना. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि खंडव्याहून इंदूरला रेल्वे आली खरी, पण ती मीटर गेज, आणि मुंबईची गाडी ब्रॉड गेजवरची. त्यामुळे आमच्या आजोबांच्या पिढीला मुंबईला निघायचे म्हणजे पाताळपाणीचा घाट उतरून, वाटेत कालाकुंडला कलाकंद घेऊन, खंडव्याला गाडी बदलावी लागे. पुढची गाडी चुकू नये म्हणून आजोबा स्टेशन सोडायलाच तयार नसत, असे आई सांगते. कॅनडातली मोठी हॉटेलेही अशाच रेल्वेच्या पोटी जन्मली: कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने बँफचे हॉटेल १८८८ मध्ये आणि क्वेबेकचे शातो फ्रोंतनाक १८९३ मध्ये उघडले. त्याच घराण्यातले हे विमानतळावरचे हॉटेल १९९९ मध्ये सुरू झाले. गाडी चुकण्याची धास्ती तीच. ती घालवण्याचे दाम मात्र फार वाढले आहेत.

हे हॉटेल विमानतळाजवळ नसून टर्मिनलच्या इमारतीतच, अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशांच्या दालनावर उभे आहे. (त्या प्रवाशांची अमेरिकेत शिरण्याची तपासणी इथेच, कॅनडाच्या जमिनीवर उरकली जाते, हे मला तिथे गेल्यावर कळले.) खोलीतल्या जाड गाद्या, पांढरेशुभ्र टॉवेल आणि प्रशस्त न्हाणीघर यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही, पैसे मोजले की ते कुठेही मिळते. लिहायचे आहे ते खिडकीविषयी.

खिडकी जमिनीपासून छतापर्यंत अखंड काचेची होती आणि तिच्यापुढे विमाने, धावपट्टी आणि पलीकडे उत्तरेचे डोंगर असे सगळे मांडून ठेवल्यासारखे दिसत होते. आईने खुर्ची काचेपाशी ओढून घेतली. एक मोठे विमान धावपट्टीवर वेग घेत गेले, त्याचे नाक उचलले गेले, आणि आईचा हात एकदम कानाशी गेला. तिने कानातले यंत्र काढले, उलटसुलट करून पाहिले, पर्समधून नवी बॅटरी काढून बसवली आणि पुढच्या विमानाची वाट पाहू लागली. तेही तसेच गेले. तेव्हा तिने माझ्याकडे पाहून विचारले, ‘तुला तरी ऐकू येतंय का गं?’

मलाही येत नव्हते. काच ध्वनिरोधक आहे, हे मी तिला सांगितले, पण ते तिला पटायला वेळ लागला, आणि त्यात तिचा दोष नाही. आमचे घर एअरपोर्ट रोडला कालानी नगरात आहे. बिजासन टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेले की खाली विमानतळ दिसतो. तिथे विमान आधी कानाला कळते, मग पोरे आकाशात बोट दाखवतात. इथे विमान होते आणि त्याचा आवाज नव्हता. आई काचेला तळहात लावून कितीतरी वेळ बसली होती. ‘मुकी आहेत सगळी,’ ती म्हणाली. या हॉटेलची खरी श्रीमंती हीच, असे माझे मत झाले; आईच्या स्वरात मात्र कौतुकापेक्षा कीव अधिक होती.

जेवायला खाली गेलो नाही. बहिणीने बांधून दिलेली थालीपिठे आणि लिंबाचे लोणचे त्या पांढऱ्या चादरीवर डाग पडू नये म्हणून खुर्चीवर वर्तमानपत्र पसरून खाल्ले. मग रात्री उशिरा, गर्दी ओसरल्यावर, घरच्या चपला घालून टर्मिनलमध्येच फिरायला गेलो. आंतरराष्ट्रीय प्रस्थानाच्या दालनात हायडा जमातीचे शिल्पकार बिल रीड यांची ब्राँझची प्रचंड नाव १९९६ पासून ठेवलेली आहे. जेड खड्यासारखा हिरवा रंग असलेल्या त्या नावेत माणसे आणि प्राणी मिळून तेरा जण दाटीवाटीने बसले आहेत आणि सुकाणू कावळ्याच्या हाती आहे. दिवसा तिथे प्रवाशांच्या बॅगांचीच रांग असते. त्या वेळी आम्ही दोघी आणि एक झाडूवाला, एवढेच होतो. आईने नावेभोवती सावकाश दोन फेऱ्या मारल्या. गरुड अस्वलाचा पंजा चावतो आहे आणि लांडगा गरुडाचा पंख, हे तिनेच मला दाखवले. ‘आपल्या लग्नाच्या बसमध्ये असंच असायचं,’ ती म्हणाली.

सकाळी गजर झाल्यावरही आम्ही चहा पीत बसलो. लिफ्टने उतरून, थोडेसे चालून आम्ही काउंटरशी पोहोचलो. ना टॅक्सी, ना पाऊस, ना घड्याळाकडे पाहणे. आईच्या गुडघ्यांनी एकदाही तक्रार केली नाही, आणि त्या दोन महिन्यांच्या किराण्याचा हिशेब माझ्या पुरता तिथेच मिटला.

इंदूरला परतल्यावर शेजारच्या काकू चौकशीला आल्या. आई त्यांना म्हणाली, ‘शेवटच्या रात्री आम्ही विमानतळावरच झोपलो.’ काकूंनी कपाळाला हात लावला. ‘अहो, या वयात? बाकड्यावर?’ आईने एकवार माझ्याकडे पाहिले आणि त्यांच्या ताटलीत आणखी थोडी शेव वाढली.