दोन स्लॉट, चार गाड्या

मी बेळगावात एका खाजगी हॉस्पिटलात पार्किंग सुपरवायझर आहे. लोकांना वाटतं शिट्टी मारली, हात हलवला, झालं काम. खरं काम म्हणजे दिवसभर लोकांना "नाही" म्हणायचं, मराठी कन्नड हिंदी तिन्हीत, आणि ज्याला नाही म्हणालोय त्याच्या घरचं कुणीतरी आत अ‍ॅडमिट आहे हे डोक्यात ठेवून म्हणायचं. बेळगावच्या केए-२२ नंबरच्या गाड्या तर असतातच, पण चंदगड-गडहिंग्लजकडच्या एमएच-०९, सावंतवाडीकडच्या एमएच-०७, गोव्याच्या गाड्या, सगळं इकडंच येतं. सोमवारी तर विचारूच नका.

पोर्चच्या डाव्या हाताला अपंगांसाठी दोन स्लॉट आहेत. निळा बोर्ड, खाली जमिनीवर व्हीलचेअरचं चित्र. दोन्ही स्लॉटच्या मधे पांढऱ्या तिरक्या पट्ट्या मारलेली मोकळी जागा आहे, आणि माझं अर्धं रक्त त्या पट्ट्यांनीच आटवलंय. सरकारी नियमावलीत असल्या स्लॉटची रुंदी ३६०० मिलिमीटर सांगितलीय, म्हणजे साध्या स्लॉटच्या साधारण दीडपट. ती जास्तीची रुंदी गाडीसाठी नसते हो, दारासाठी असते. दार पूर्ण उघडलं पाहिजे, व्हीलचेअर सीटला चिकटून लागली पाहिजे, माणसाला सरकून तिच्यात बसता आलं पाहिजे. पण लोकांना ती रिकामी जागा दिसते. पट्ट्यांवर बाइक लावून मेडिकलात जातात, आणि इकडं गाडीतली म्हातारी आत अडकून बसते कारण दार वीतभरच उघडालंय. शिकलेली माणसं असतात बरं का ही.

आता त्या स्लॉटात गाडी लावायचा हक्क कुणाला, हे मी कसं ठरवायचं ते सांगतो. इंग्लंडमध्ये म्हणे ब्लू बॅज असतो, तो माणसाच्या नावावर मिळतो, तो माणूस ज्या गाडीत असेल ती गाडी लावता येते. आपल्याकडं पार्किंगचा असा देशभर चालणारा पासच नाही. आहे ते यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, ते माणसाचं. अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली असेल तर पांढरं, चाळीस आणि त्यावर पिवळं, ऐंशी आणि त्यावर निळं. गाडीवर जे व्हीलचेअरचं स्टिकर दिसतं ते रेडियमवाला कुणालाही कापून देतो, कार्ड कोण विचारतंय. असं स्टिकर लावलेल्या गाडीतनं चार धडधाकट माणसं उड्या मारत उतरलेली मी रोज बघतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अपंगांच्या सवलती खोटेपणानं लाटल्या तर दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, कलम ९१. मला पाठ आहे. पण म्हणून दाखवलं की लोक हसतात, शिट्टीवाल्याच्या तोंडात कलम शोभत नाही म्हणे. आवाराच्या आत ट्रॅफिकवालेही चलन फाडायला येत नाहीत. म्हणजे सगळा न्यायनिवाडा आमच्या गार्डनं करायचा, समोरच्याच्या तोंडाकडं आणि पायाकडं बघून.

तर तो सोमवार. पाऊस असा की पोर्चमधल्या टाइल्सवर पोती टाकलेली. एक नंबर स्लॉटात पहाटेपासनं खानापूरकडच्या एका पोराची गाडी होती. त्याची आई डायलिसिसला येते, पहिल्या शिफ्टला, चार तास. तिच्याकडं कार्ड नाही. मिळणारही नाही, कारण कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरलीत, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, पार्किन्सन आहे, पण किडनीचा आजार त्या यादीत नाही. येताना ती माऊली हळूहळू चालत जाते. जाताना बीपी पडलेलं असतं, पाय उचलत नाही, आणि ज्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी, आहे त्या हाताला धरून ओढायचं नसतं हे नव्या वॉर्डबॉयला दरवेळी मीच ओरडून सांगतो. तिला मी स्लॉट देतो, कुणाला न विचारता देतो, आणि ह्याबद्दल मला काही वाटत नाही.

दोन नंबरला आमच्याच एका कन्सल्टंटांची गाडी. त्यांच्या ड्रायव्हरला तिन्ही भाषांत एकच वाक्य येतं, "दहा मिनिटं". बाहेरच्यांना मी दोष देतोय खरं पण सगळ्यात जास्त त्रास आतल्यांचाच आहे. डॉक्टर, अकाउंट्सवाले, डायरेक्टरांचे पाहुणे. बाहेरच्याला कन्नडमध्ये "गाडी तगीरी सर", गाडी काढा, म्हणता येतं, ह्यांना काय म्हणणार? इन्स्पेक्शन असलं की ह्याच स्लॉटना ताजा रंग मारतात, कोन लावतात, मला गेटवर ताठ उभा करतात.

साडेदहाच्या सुमाराला एक अल्टो आली. चाळिशीचा माणूस, एकटाच, स्वतः चालवत. सरळ निळ्या बोर्डासमोर येऊन थांबला आणि डाव्या हातानं काचेला पिवळं कार्ड लावलं. आमचा गार्ड येळ्ळूरचा पोरगा, तो माझ्या कानाला लागला, "चालालाय की वो हा चांगला. मागच्या खेपेला औषधं घेऊन गेलेला, मी बघितलोय." त्या माणसाला ऐकू गेलं असणार, कारण त्यानं उजवा हात वर केला. चार बोटं नाहीत. उद्यमबागच्या कारखान्यात प्रेस मशीनवर गेली म्हणाला. ह्या गावात असले हात नवीन नाहीत. मी म्हटलं, दादा, कार्ड खरं आहे, पण ही जागा ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी आहे, तुम्ही बेसमेंटला लावा, लिफ्ट आहे. तर तो म्हणाला, "रिव्हर्स काय पायानं मारतात काय वो?"

आणि मग त्यानं मला शांतपणे समजावून सांगितलं, ते ऐकून मी गप्प बसलो. आपल्या गाड्यांना गिअर डाव्या हाताला. डावा हात गिअरवर गेला की स्टेअरिंग उजव्यानं धरायचं, म्हणजे त्यानं नुसत्या तळव्यानं दाबून धरायचं. सरळ रस्त्याला चालतं. पण आमच्या बेसमेंटचा रॅम्प गोल उतरतो, मधे पूर्ण स्टेअरिंग कापायला लागतं, खाली खांबांच्या मधे दोन-तीनदा मागं-पुढं घ्यायला लागतं, आणि आज सगळं ओलं. इतकी वर्षं मी त्या रॅम्पवर उभा आहे, तो एका हातानं कसा उतरायचा ह्याचा हिशोब कधी केला नव्हता.

मी ड्रायव्हरला शोधायला माणूस पाठवला, डॉक्टरांची गाडी काढायला. तेवढ्यात रॅम्पच्या तोंडाशी हॉर्न सुरू झाले. बघतो तर साइड व्हीलची, म्हणजे दोन्ही बाजूंना जादा चाक बसवलेली अ‍ॅक्टिव्हा, एमएच-०९, वरती रेनकोट घातलेला माणूस, कुबड्या ट्यूबच्या पट्टीनं बाजूला बांधलेल्या, आणि मागं बाइकांची रांग. गार्डनं त्याला "टू-व्हीलर खाली" म्हणून पाठवलेलं आणि तो उतारावर अडून बसलेला.

साइड व्हीलच्या गाडीबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ती दोन साध्या स्कूटरांएवढी जागा घेते. वळताना कलत नाही, त्यामुळं उतारावर वळवली की बाहेरच्या बाजूला उलटायला बघते. साइडची चाकं बारकी असतात, रॅम्पच्या तोंडाला पाणी जायला जी लोखंडी जाळी असते तिच्यात अडकतात. आणि मुख्य म्हणजे बहुतेकांना रिव्हर्स नसतो. आपण दोन पाय जमिनीला टेकून गाडी मागं ढकलतो, ज्याचे पाय चालत नाहीत त्यानं काय टेकायचं? म्हणून त्याला अशी जागा लागते की एकीकडनं आत शिरलं आणि दुसरीकडनं सरळ बाहेर पडलं. आमच्या आवारात अशी जागा कुठं होती? आमच्याकडं अपंग म्हणजे मोटारीतनं येणारा, असं नकाशा काढणाऱ्यानंच ठरवून टाकलंय. आणि खरी गोष्ट अशी की माझ्या गेटातनं जे अपंग स्वतः गाडी चालवत येतात त्यातले बहुतेक अ‍ॅक्टिव्हावर येतात.

तो शिनोळीच्या पलीकडनं आलेला, पोलिओचा, दोन्ही पायांत कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या. निळं कार्ड काढलं तर गार्ड काय म्हणाला असेल? "हे महाराष्ट्राचं आहे." मी त्याला तिथंच झापला. यूडीआयडी अख्ख्या देशाला एकच. सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासनं पडून आहे, तो पार्किंगमध्ये काढायची काही गरज नाही. तो माणूस हसला आणि म्हणाला, "खाली मी जातो की साहेब, पण वर कोण काढणार मला ते आधी ठरवा."

तोवर डॉक्टरांची गाडी निघाली. आता जागा एक, कार्डवाले दोन. गार्ड म्हणाला, अल्टो स्लॉटात घेऊ, अ‍ॅक्टिव्हा पट्ट्यांवर उभी करू, दोघंही बसतील. जागेच्या हिशोबानं बरोबरच होतं ते. पण पंधरा मिनिटांत डायलिसिसवाली माऊली खाली येणार, तिचं दार त्याच पट्ट्यांवर उघडतं. मी पट्ट्या रिकाम्या ठेवल्या आणि अख्खा स्लॉट अ‍ॅक्टिव्हाला दिला. पुढं अडवणारे खुंट नाहीत, फूटपाथ सपाट आहे, त्याला सरळ बाहेर पडता येणार होतं.

अल्टोवाला खवळला. "एका स्कूटीला मोटारीची जागा? कार्डाला काय किंमत हाय का नाही?" मी म्हटलं त्यांचं निळं आहे. हे आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, कारण रंगावर पार्किंगचा नंबर लागतो असं कुठंही लिहिलेलं नाही. मग म्हटलं, चावी द्या, मी स्वतः खाली लावून येतो, जाताना वर आणून देतो. ह्यावर तो जे बोलला ते अजून डोक्यातनं जात नाही. "मला कुणी गाडी लावून द्यायची असती तर एका हातानं शिकलो असतो कशाला?" आणि गाडी फिरवून बाहेर गेला, खानापूर रोडच्या बाजूला कुठंतरी लावून भिजत चालत आला. ओपीडीचा नंबर चुकला नाही त्याचा, मी आत फोन करून ठेवलेला. पण माझ्याकडं त्यानं बघितलं नाही.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, पाय अधू असलेल्यालाच जागा द्यायला पाहिजे, त्यात काय एवढं? आमचे सिक्युरिटी ऑफिसर म्हणाले, मुळात आधी किडनीवाल्याची गाडी काढायला पाहिजे होती, कार्ड नाही तर जागा नाही. नियमानं बोलले. त्यांना मी म्हटलं, मग आधी डॉक्टरांच्या गाडीचं बोला, तर त्यांना लगेच फोन आला.

मी ॲडमिनला अर्ज दिला. एक, कार्ड नसलं तरी उतरवायला-चढवायला वीस मिनिटं कुणालाही स्लॉट. दोन, डायलिसिसच्या पेशंटना शिफ्टच्या वेळेपुरती आमच्याच शिक्क्याची चिठ्ठी. तीन, मेडिकलच्या बाजूला साइड व्हीलसाठी आरपार जागा, तिथं आत्ता कुंड्या आहेत. चार, स्टाफची गाडी निळ्या बोर्डाखाली दिसली तर चाकाला साखळी, कुणाचीही असो. तिसरा मुद्दा लगेच मंजूर झाला, कुंड्या हलवायला खर्च नाही. चिठ्ठीवर सही कुणाची ह्यावर फाईल फिरालीय. चौथा मुद्दा टाइप केलेल्या कॉपीत आलाच नाही. आणि अल्टोवाल्यासाठी काय लिहायचं ते मला सुचलंच नाही, बेसमेंटला रॅम्पच्या तोंडाजवळचा पहिला स्लॉट ठेवता येईल बहुतेक, पण ते वळण तर त्याच्या आधीच येतं.

पेंटरला पुढच्या आठवड्यात बोलावलंय. इन्स्पेक्शन जवळ आलंय, त्यामुळं ह्या वेळी येईल तो नक्की.