तानपुरा लावून परके अल्बम: या खेपेची नोंद

पद्धत तीच आहे. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावायचं, अल्बमचा षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, शोधायचा आणि एक बाजू मध्ये न थांबता ऐकायची. आपला कान आधी आधार मागतो. तो आधार एखाद्या संगीतात कुठे मिळतो आणि कुठे सुटतो, हे नीट ऐकलं की ते संगीत उलगडायला लागतं, हे माझं मत दर खेपेला पक्कं होत चाललंय.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जाझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’वर (१९५९). पहिल्याच ‘सो व्हॉट’ला ॲप पांढरी दोनवर, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, ठेवा. पेटीवर पांढरी दोन षड्ज धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की काफी थाट, म्हणजे काफीचा सात सुरांचा संच, येतो, आणि इथे नेमका तोच आहे. सुरुवातीला पॉल चेंबर्सचा बास एक ओळ सोडतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात, कीर्तनात बुवांनी ओळ सोडावी आणि टाळकऱ्यांनी उचलावी तसं. चार-चार मात्रांचे सोळा खंड तानपुरा सुखाने चालतो. मग अख्खा थाटच काळी दोनवर सरकतो, आठ खंड तिथे राहतो आणि पुन्हा आठ खंड घरी. त्या मधल्या आठ खंडांत तानपुरा अक्षरशः खुपतो. पण परतीच्या क्षणी समेवर आल्याचं जे समाधान मिळतं ते तानपुरा चालू असेल तरच इतकं मोठं वाटतं. माइल्स स्वतः फार कमी सूर लावतो. त्याचं एकल वादन सुरू होतानाचा ड्रमवादक जिमी कॉबचा झांजेवरचा आघात आणि त्याची लांबत जाणारी आस मी परत परत ऐकली. सॅक्सोफोनवरचा कोलट्रेन थोर आहेच, पण या अल्बमचा प्राण मला माइल्सने सोडलेल्या रिकाम्या जागांत आणि बिल इव्हान्सच्या पियानोत सापडतो.

जुन्या एलपीवर ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पहिल्या बाजूच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेप यंत्र किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे जुन्या प्रतींमध्ये ती बाजू थोडी चढी वाजते. ही चूक १९९२ साली दुरुस्त झाली. म्हणजे जुन्या प्रतीला पांढरी दोन बसत नसेल तर कानाला दोष देऊ नका, ॲपचा सूक्ष्म स्वर थोडा वर घ्या.

पियानोवादक ग्लेन गूल्डचं ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ही ‘काइंड ऑफ ब्लू’ जिथे मुद्रित झाला त्याच, न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या कोलंबिया स्टुडिओतलं. १९५५ आणि १९८१, दोन्ही वेळा. बाखचा हा सगळा पसारा पांढरी पाचवर उभा आहे: सुरुवातीची आणि शेवटची तीच धून, मध्ये तीस रूपं. त्यांतली पंधरावं, एकविसावं आणि पंचविसावं एवढीच कोमल गंधाराची. वाटलं होतं, तानपुरा छान जमेल. मुळीच जमत नाही. प्रत्येक रूपाच्या निम्म्यात पंचमच षड्ज होऊन बसतो, मग आणखी एक वळण घेऊन गाडी घरी येते. म्हणून ॲप बंद केलं आणि खालच्या हाताकडे लक्ष दिलं. तिथे स्वरांचं तेच आवर्तन दर रूपात फिरतं. इथला आधार फिरता आहे, हे एकदा कळलं की बाख परका राहत नाही.

दोन्हींत मला १९८१ चं जास्त आवडतं. आधीचं साधारण ३८ मिनिटांत संपतं, नंतरचं ५१ मिनिटं घेतं. पण नुसतं संथ म्हणून नव्हे. नंतरच्या वादनात गूल्डने एका रूपाची लय पुढच्या रूपाला मापाने जोडली आहे, आपल्याकडे दीडपट-दुगुनीत बंदिशीची लय सुटत नाही तसाच हिशेब. त्याचं गुणगुणणंही स्पष्ट ऐकू येतं. काहींना त्याचा त्रास होतो. मला त्या गुणगुणण्यामुळेच कळतं की बोटं वाजवतायत ते तो आतून गातोय.

ब्लॅक सॅबाथ या हेवी मेटल बँडच्या पहिल्या अल्बमचं (१९७०) शीर्षकगीत: पांढरी पाच, तार षड्ज आणि तीव्र मध्यम, बस. पंचमाचा तानपुरा लावलात तर तो मध्यम त्याला घासतो. निषादाचा लावा, पुरियाला लावतात तसा. त्या गाण्यातली भीती जाते आणि दिवेलागणीची हुरहुर येते. कारखान्यातल्या अपघातात त्यांचा गिटारवादक टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं गेली होती. टोप्या घालून, हलक्या तारा लावून हा माणूस वाजवत राहिला. त्या संथ, जड आघातांबद्दल मला मनापासून आदर आहे.

विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर या गिटारवादकांचा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (१९९३) सुरेख आहे, पण तानपुरा लगेच बसतो, त्यामुळे कानाला काम उरलं नाही.

गायिका जोनी मिचेलच्या ‘ब्लू’मध्ये (१९७१) मात्र आश्चर्य होतं. डल्सिमर या मांडीवर ठेवून वाजवायच्या तंतुवाद्यावरच्या गाण्यांत सतत आधार सूर देणाऱ्या आसेच्या तारा वाद्यातच आहेत, वरून तानपुरा कशाला? ॲप बंद केलं. लहानपणीच्या पोलिओने डावा हात कमजोर झाला, म्हणून ती गिटारही निरनिराळ्या पद्धतीने जुळवून घ्यायची, आणि मोकळ्या तारांची ती गुंज गळ्याला आधार देते. पियानोवरची गाणी मला अजून तितकी भिडलेली नाहीत.

या सगळ्यांच्या मध्ये केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी ऐकली, १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर गेलेली. खरखरीत तानपुरा जेमतेम ऐकू येतो आणि तरी षड्ज क्षणभरही हलत नाही. इतक्या थोड्या वेळात एवढी भरदार, सलग आकारातली गायकी मी दुसऱ्या कुठल्याच ध्वनिमुद्रणात ऐकलेली नाही.

पुढे मालीचा गिटारवादक अली फारका तूरे आणि कूडर यांचा ‘टॉकिंग टिंबक्टू’ (१९९४) घेतोय. कुणी षड्ज आधीच शोधला असेल तर पट्टी मला सांगू नका, शोधण्यातच मजा आहे.