सरांच्या तीन काचा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा म्हणून शाळेचं पत्र आलं आणि मला सरांशिवाय दुसरं काही आठवेचना. फिजिक्सचे आपले सर, लॅबची किल्ली छत्रीच्या मुठीला बांधून कोण फिरायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

बारावीत होतो, जुलैचा धो धो पाऊस, लाईट गेलेली, आणि कुणीतरी विचारलं, सर ते क्वांटममधलं, म्हणजे अणू आणि उजेडाच्या कणांच्या शास्त्रातलं, पेटीतलं मांजर एकाच वेळी जिवंत पण आणि मेलेलं पण कसं? सर खदखदून हसले. "अरे श्रोडिंगर नावाच्या शास्त्रज्ञाने 1935 साली ते नुसतं कल्पनेत पेटीत घातलं ते हे सगळं किती विचित्र होतं ते दाखवायला, तुम्ही त्या बिचाऱ्याला अजून आतच ठेवलंय!" मग मुठीत नाणं धरलं. छापा की काटा? "हे सुपरपोझिशन, म्हणजे दोन्ही अवस्थांची बेरीज, नव्हे हां. नाणं ठरलेलं आहे, तुला कळलेलं नाही इतकंच."

आणि खिशातून कळंगुटच्या वाळूत सापडलेल्या मोडक्या पोलरॉइड गॉगलच्या दोन काचा काढल्या, तिसरी स्वतःच्या गॉगलची. ही काच एकाच दिशेत डोलणारा उजेड सोडते. खिडकीसमोर एक उभी, एक आडवी धरली, काळोख. मध्ये तिसरी तिरकी घातली तर? आम्ही सगळे ओरडलो, आणखी काळोख! सरांनी काच सरकवली आणि बाहेरचा भिजलेला माड दिसायला लागला!!

"पहिल्या काचेतून आलेल्या फोटॉनला, म्हणजे उजेडाच्या कणाला, विचार तू डोलतोस तो उभा का आडवा, छातीठोक सांगेल उभा. त्यालाच विचार डावीकडे कललेला की उजवीकडे, उत्तर नाही. लपवत नाही रे, नाहीच त्याच्याकडे! उभा म्हणजेच त्या दोन तिरक्यांची बेरीज, ही खरी सुपरपोझिशन." तिरक्या काचेतून अर्धे जातात, पण गेलेले आता तिरके झाले, जबाब फिरवलेल्या साक्षीदारासारखे, म्हणून आडव्या काचेतून त्यातले अर्धे सुटतात. पहिल्या काचेतून आलेल्याचा चौथा हिस्सा उजेड, तेवढ्यात माड दिसला.

आज म्हापशात माझं चष्म्याचं दुकान आहे, शुक्रवारी बाजाराला पाय ठेवायला जागा नसते, तरी गॉगल घ्यायला कुणी मूल बरोबर आणलं की मी तीन काचा काढतोच. 2025 हे युनायटेड नेशन्सने क्वांटमचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं तेव्हा सर हवे होते असं फार वाटलं. लॅबमध्ये आता स्मार्ट बोर्ड आलाय, चांगलंच आहे, पण ती खिडकी एसीसाठी बुजवली त्याचं वाईट वाटतं.

सर गेल्यावर त्यांच्या मिसेसनी ती तिसरी काच मला दुकानात आणून दिली. कडेला चरा पडलाय. मध्ये तिरकी धरतो ती हीच.