'ॲज पर ॲक्च्युअल्स' म्हणजे किती रुपये?

आमची कंपनी इंटरनेट पुरवते. लायसन्स कॅटेगरी बी, महाराष्ट्र सर्कलपुरतं. जुनं बिलिंग-प्रोव्हिजनिंग (बिल काढणं आणि कनेक्शन चालू करणं) सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं आणि नव्याचा पाच वर्षांचा खर्च काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सॉफ्टवेअरचं लायसन्स, सर्व्हर, ट्रेनिंगचे आकडे भराभर आले. घोडं अडलं इंटिग्रेशनवर, म्हणजे नवं सॉफ्टवेअर आमच्या बाकीच्या यंत्रणांना जोडण्यावर.

आमच्या नेटवर्कात तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ओएलटी (फायबरचं आमच्या बाजूचं यंत्र) आहेत. नवं कनेक्शन दिलं की ओएलटीवर ओएनटीची (ग्राहकाच्या घरातल्या फायबर-डब्याची) नोंद, रेडियसमध्ये (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरमध्ये) युजर आणि बिलिंगमध्ये प्लॅन हे सगळं आपोआप व्हायला हवं. नाहीतर सॉफ्टवेअर घ्यायचंच कशाला? कोटेशनमध्ये नेमकं याच ओळीपुढे लिहिलेलं: 'ॲज पर ॲक्च्युअल्स', म्हणजे प्रत्यक्ष जो खर्च होईल तो. एक्सेलच्या खान्यात हे कसं भरणार?

सेल्सवाला दर वेळी गोड बोलायचा. "मॅडम, स्कोप फ्रीज झाला की लगेच आकडा देतो." स्कोप फ्रीज, म्हणजे कामाची व्याप्ती पक्की, कोण करणार? त्यांची डिलिव्हरी टीम. ती कधी येणार? पीओ (खरेदीची ऑर्डर) निघाल्यावर. म्हणजे आधी अक्षता टाका, पत्रिका मग बघू! इकडे आमचे फायनान्सवाले रोज विचारायचे, "टोटल झाली का?"

शेवटी प्रत्येक ओएलटीचं मॉडेल, फर्मवेअर (यंत्रातलं आतलं सॉफ्टवेअर), पेमेंट गेटवे, एसएमएस, टॅली असा तक्ता मीच केला आणि प्रत्येक जोडणीची कमाल रक्कम व मॅन-डेचा (एका माणसाच्या एका दिवसाच्या कामाचा) दर लेखी मागितला. तोवर पीओ नाही, म्हणून हटून बसले. तेव्हा कुठे आकडे आले. त्यातच कळलं की ओएलटीचं फर्मवेअर बदललं की जोडणीची दुरुस्ती 'चेंज रिक्वेस्ट', वेगळे पैसे. हा खर्च एकदाचा नाही, दरवर्षीचा.

एएमसी (वार्षिक देखभालीचे पैसे) कशावर लावतात तेही बघा. लायसन्सवर घसघशीत सूट देऊन एएमसी मूळ लिस्ट प्राइसवर लावली होती. १८ टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) आम्हाला मिळतं, त्यामुळे तो खर्चात धरू नका, असं आमच्या सीएंनी सांगितलं. तो फक्त रोख अडकवतो. लॉगची स्टोरेज मात्र धरा. आमच्या इंटरनेट लायसन्समधल्या डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून आयपीडीआर (ग्राहकांच्या इंटरनेट वापराच्या नोंदी) किमान दोन वर्षं जपावे लागतात आणि डेमोत त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

बेरीज झाली तेव्हा सॉफ्टवेअरचं लायसन्स एकूण खर्चाच्या निम्म्याहून कमी निघालं. हो, टेस्ट सर्व्हरचं लायसन्स वेगळं लागतं का, तेही विचारा. आम्हाला लागलं.