हरणीची नोंदवही : दिवस ७१ ते दिवस ८५

मागच्या नोंदीत हरणी घरी आल्याचा वृत्तान्त दिला होता. नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की ती कारवान या कुत्र्यांच्या जातीची मादी पिल्लू आहे, जत तालुक्यातल्या एका वस्तीवरून ५७व्या दिवशी मी तिला आणली, आणि या वहीतले सगळे दिवस तिच्या जन्मापासून मोजलेले आहेत. या वेळी धावणे, दोरी, हाक यांपैकी कशाचीच प्रगती लिहिण्याजोगी नाही, कारण हे दोन आठवडे तिच्या पोटातच गेले.

७१व्या दिवशी पहाटे साडेपाचला तिने अंगणात पातळ शी केली. दुपारपर्यंत तीन वेळा झाली, पण ती खेळत होती, शेपूट हलवत होती, वाटीकडे धावत होती. त्यामुळे दोष दुधाचा आहे असे मी तिथेच ठरवून टाकले. तो तर्क अगदीच निराधार नव्हता. वस्तीवर तिला शेळीचे थोडेसे दूध ज्वारीच्या भाकरीवर घालून मिळत असे, आणि मी मात्र तिचे अंग भरावे म्हणून पिशवीचे म्हशीचे दूध सकाळ-संध्याकाळ वाटीभर देत होतो. शिवाय भाकरीवरून कोरड्या खाद्यावर तिला अवघ्या दोन दिवसांत नेले होते. पिल्लू आईपासून तुटले की दुधातली साखर पचवण्याची त्याची ताकद हळूहळू कमी होत जाते, न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब होतात. म्हणून दूध आणि कोरडे खाद्य दोन्ही बंद करून कातडी व हाडे काढलेली उकडलेली कोंबडी आणि त्याच्या दुप्पट मऊ भात सुरू केला. त्यात मीठ, हळद, तेल काहीच घातले नाही, आणि कांदा-लसूण तर कुत्र्याला विषच आहे. चार वेळचे खाणे सहा वेळांत विभागले. उपाशी मात्र ठेवले नाही. मोठ्या कुत्र्याला एखादा वेळ लंघन चालून जाते, पण एवढ्या लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठाच थोडा असतो आणि उपासाने ते गळून पडू शकते.

संध्याकाळी वस्तीवरच्या आबांना फोन केला. सगळे ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारले, “जंताचं औषध कवा पाजलंसा?” मी वही उघडली. त्यांनी १५व्या आणि ३०व्या दिवशी दिलेले डोस तिथे लिहिलेले होते. ४५व्या दिवसाचा राहून गेला होता. पुढचा ६०व्या दिवशी माझ्याकडे द्यायचा होता, पण त्याच दिवशी पहिली लस झाली, पिल्लू नव्या घरात बावरलेले होते, म्हणून मी तो पुढे ढकलला आणि पुढे विसरलो. चूक माझी होती आणि ती माझ्याच अक्षरात समोर होती.

७२व्या दिवशी रात्री दहाला शीमध्ये आव आणि ताज्या रक्ताची बारीक रेघ दिसली, एक उलटीही झाली, आणि हरणी पहिल्यांदाच हाकेला न उठता पडून राहिली. पिल्लाला रक्त पडले की मनात आधी पार्वो येतो आणि तसा तो यायलाच हवा. १९७८ साली जगभर पसरलेला हा विषाणू आजही लस पूर्ण न झालेली पिल्ले दोन-तीन दिवसांत नेतो, आणि एका लशीवर विसंबता येत नाही, कारण आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात शिल्लक असेपर्यंत ती लशीलाही निकामी करू शकते. म्हणून तर डोस सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. मी लगेच आमच्या डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “पाणी पोटात टिकतंय ना? हिरड्या गुलाबी आहेत ना? मग सकाळी सगळ्यात आधी घेऊन या. पण पुन्हा उलटी झाली किंवा पाणीही टिकेना, तर रात्रीचे किती वाजलेत हे न बघता निघा.”

ती रात्र हिरड्या पाहण्यात गेली, आणि कारवान पाळणाऱ्यांसाठी हे जरा सविस्तर लिहितो. शरीरातले पाणी कमी झाले का हे पाहण्यासाठी मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे, परंतु आपल्या जातीच्या कातडीखाली चरबी मुळातच अत्यल्प असल्यामुळे ती उशिरा बसली तरी फसगत होऊ शकते. बरगड्यांवरूनही काही कळत नाही, कारण त्या निरोगी पिल्लाच्याही दिसतात. त्यापेक्षा वरचा ओठ उचलावा, सुळ्याच्या वरची हिरडी बोटाने दाबावी आणि सोडावी. हरणीची हिरडी दाबल्यावर पांढरी होत होती आणि “एक, दोन” म्हणेपर्यंत पुन्हा गुलाबी होत होती, शिवाय बोटाला ओली लागत होती. हिरडी फिकट, कोरडी, चिकट लागली किंवा रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर सकाळची वाट पाहायची नसते. दर दोन तासांनी वेळ टाकून हे लिहीत गेलो.

७३व्या दिवशी सकाळची ताजी शी झाकणाच्या डबीत घेऊन गेलो आणि दवाखान्यात तिला जमिनीवर टेकू दिले नाही. ताप १०१.९ अंश फॅरनहाइट, म्हणजे पिल्लासाठी नेहमीचाच. पार्वोच्या पट्टीवर एकच रेघ उमटली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, तरी आजाराच्या सुरुवातीला ही तपासणी कधी चुकते, म्हणून दोन दिवस बारीक लक्ष ठेवा असे मॅडमनी बजावले. मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावले. काचपट्टीवर गोल, गडद तपकिरी, जाड आणि खडबडीत कवचाची अंडी होती, एक-दोन नव्हे, नजर जाईल तिथे. ती गोलकृमीची अंडी होती.

हे जंत पिल्लाला आईच्या पोटातूनच येतात, पुढे दुधातूनही येतात. औषधाने आतड्यातले जंत पडतात, पण यकृत-फुप्फुसांतून प्रवास करणाऱ्या अळ्या तेव्हा बचावतात आणि काही दिवसांनी आतड्यात येऊन वाढतात. जन्मापासून आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे पिल्लू सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा डोस द्यायचा, त्यामागचे कारण हेच. मला वेळापत्रक पाठ होते, त्यामागचे कारण त्या दिवशी समजले. दुधाने आणि खाद्याच्या घाईने आतडे चिडले असणारच, पण जंतांनी ते आधीच हैराण करून ठेवले होते.

मॅडमनी तिथेच वजन करून त्या मापाने पायरँटेल हे जंतांचे पातळ औषध पाजले. घरातली माणसांची जुलाब थांबवणारी गोळी तिला देऊ नका, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

७४व्या दिवशी दुपारी शीबरोबर शिजलेल्या शेवयांसारखे, पांढुरके, स्प्रिंगसारखे वळलेले सात जंत पडले; सर्वांत लांब पाच इंचांचा. अंगणातली शी मी हल्ली रोज उचलतो. या अंड्यांना बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, तेवढ्यात जागा साफ झाली तर पुढचा धोका टळतो, आणि आमच्या अंगणात शेजारची मुले मातीत खेळतात.

वजन मी लोंबत्या काट्याला धोतराची झोळी बांधून, रोज सकाळी खाण्याआधी घेतले. ७०व्या दिवशी ६.४ किलो होते, ७३व्या दिवशी ६.०५, ७६व्या दिवशी ६.२ आणि ८५व्या दिवशी ६.९. डोळ्यांना यांतला एकही फरक दिसला नसता. रक्त ७४व्या दिवसानंतर दिसले नाही, आणि बांधलेली, उचलल्यावर जमिनीवर डाग न सोडणारी पहिली शी ७६व्या दिवशी झाली.

७८व्या दिवसापासून कोरडे खाद्य पुन्हा सुरू केले, पण या वेळी पाव भागाने, आणि प्रत्येक पाव भाग दोन-तीन दिवस टिकल्यावरच पुढचा. सोबत उकडलेल्या लाल भोपळ्याचा एक चमचा. ८१व्या दिवशी निम्म्या भागावर शी जराशी सैल झाली, तेव्हा तिथेच एक दिवस थांबलो. दूध परत दिलेले नाही. दोन चमचे दही तिला सोसते.

आज ८५वा दिवस. संध्याकाळी अंगणात ती स्वतःहून कोपऱ्यापर्यंत पळाली आणि वळताना घसरून पुन्हा उठली. जंताचा पुढचा डोस ८७व्या दिवशी आहे, आणि पोट असेच राहिले तर दुसरी लस ८८व्या दिवशी. दोन्ही तारखा वहीत लाल शाईने लिहून दाराच्या दिनदर्शिकेवरही टाकल्या आहेत. ज्वारीची भाकरी लशीनंतर आठवड्याने, सुपारीएवढ्या तुकड्यापासून सुरू करीन.